आधी साल सांगा, मग रंग सांगतो

प्रश्न (खानापूर): काय ओ सर, आमचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा रेजिमेंटमधून इटलीला लढायला गेले होते. त्यांची आठवण म्हणून १/३५ स्केलचा युनिव्हर्सल कॅरिअर (ब्रिटिशांची साखळीपट्ट्यांवर चालणारी छोटी चिलखती गाडी) मॉडेल म्हणून करायला घेतलाय. बॉक्सवर हिरवा दाखवलाय, मित्र म्हणतो ब्रिटिशांच्या गाड्या चॉकलेटी होत्या, आणि घरातल्या ब्लॅक अँड व्हाईट फोटोत तर गाडी पार काळीच दिसते. कुणाचं खरं मानू?

उत्तर: तिघांचंही थोडं थोडं खरं असू शकतं, कारण तुम्ही साल लिहिलेलंच नाही. घरात डिस्चार्जचे, पेन्शनचे कागद असतील तर आधी ते बाहेर काढा की. नाईक यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती टायबर खोऱ्यातली लढाई जुलै १९४४ ची, शिपाई नामदेव जाधवांची सेनिओ नदीवरची एप्रिल १९४५ ची, म्हणजे एकाच रेजिमेंटची माणसं एकाच देशात पण मध्ये नऊ महिने गेलेले, आणि युद्धात नऊ महिन्यांत कारखान्यातून येणाऱ्या गाडीचा रंग बदलू शकतो.

आता मित्राचं बघू. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश गाड्या खाकी ग्रीन नंबर ३ मध्ये यायच्या. पुढं हिरव्या रंगाला लागणारं क्रोमियम ऑक्साइड कमी पडायला लागलं म्हणून एससीसी २ नावाचा तपकिरी आला, तुमचा मित्र म्हणतो तो हाच. मग एप्रिल १९४४ मध्ये एससीसी १५ म्हणजे ऑलिव्ह ड्रॅबची ऑर्डर निघाली, अमेरिकन गाड्यांच्या रंगाच्या जवळ जाणारा, त्यामुळं तिकडून आलेल्या गाड्या परत रंगवत बसायची कटकट वाचली. पण ऑर्डर निघाली म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या हिरव्या झाल्या असं काही नाही. जुन्या रंगाचा साठा संपवायचा होता, आणि लढाई टाकून गाड्या रंगवायला वेळ कुणाला होता?

आणि इटलीचं प्रकरण याहून वेगळं. भूमध्य सागराच्या आघाडीवर लाइट मड हा फिका मातकट रंग आणि त्यावर काळे किंवा निळसर काळे मोठे पट्टे अशी स्वतंत्र पद्धत होती. त्यामुळं १९४४ च्या उन्हाळ्यातला कॅरिअर करायचा असेल तर माझं मत लाइट मड आणि काळा, ४५ चा असेल तर एससीसी १५. पूर्ण तपकिरी केलात तरी कुणी चूक म्हणू शकणार नाही, म्हटलं तर पुरावा मागा.

फोटोवरून मात्र रंग ठरवू नका. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल आणि तपकिरी एकदम गडद येतात, निळा उलट फिका येतो, म्हणून तुमचा काळा कॅरिअर प्रत्यक्षात तपकिरीसुद्धा असेल. फोटोत बघायचं ते हे की गाडी एकरंगी आहे का पट्टे आहेत, पट्ट्याची कड कुठून कुठं जाते, डिव्हिजनचं चिन्ह कुठल्या बाजूला आहे. आणि मोबाईलमध्ये कलर करून मिळालेला फोटो तर बघूच नका, तो कंप्युटरचा अंदाज.

रंग मिसळताना, एससीसी १५ साठी तामिया कंपनीचा एक्सएफ-६२ हा रंग सरळ चालतो, मी त्यात किंचित बफ (फिका पिवळसर) घालतो कारण एवढ्याशा मॉडेलवर खरी शेड जास्तच काळपट दिसते. पातळ करायला मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

प्रश्न (निपाणी): रशियातल्या कुर्स्कच्या लढाईतला जर्मन टायगर रणगाडा ग्रे रंगात केलाय, ग्रुपवर सगळे हसायला लागलेत.

उत्तर: हसू देत, पण रंग बदला. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनांनी ग्रे सोडून गडद पिवळा हा मूळ रंग केला आणि कुर्स्क जुलै ४३ चं. तोच टायगर १९४२ मध्ये लेनिनग्राडजवळ दाखवलात तर ग्रे एकदम बरोबर! पिवळ्यावरचे हिरवे-तपकिरी पट्टे युनिटमधले लोकच मारायचे, पेस्टचा डबा मिळायचा, त्यात पाणी नाहीतर पेट्रोल ओतून पातळ करायचे, त्यामुळं एकाच तुकडीतले दोन रणगाडे सारखे दिसत नव्हते. पावडर कोटिंगवाल्याकडं आरएएल कार्ड (नंबर दिलेल्या रंगांचं नमुना कार्ड) असतं त्यात ७०२१ ग्रे सापडेल, ७०२८ पिवळा शोधत बसू नका, तो आताच्या कार्डावर नाही.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): छावणीबाहेर ठेवलेल्या रणगाड्यावरून रंग मॅच केला तर?

उत्तर: नको. मोठे साहेब येणार म्हटलं की त्याच्यावर चकचकीत इनॅमलचा नवा हात बसतो. आकार, वेल्डिंग, बोल्ट बघायला जा, रंगासाठी नको.

प्रश्न (अनगोळ): लॅकर स्प्रे मारला की मॉडेलवर पांढरी धुरी धरते, रंग खराब आहे का?

उत्तर: रंग नाही, आपला पाऊस! लॅकरचा थिनर भराभर उडतो, तेवढ्यात पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात विचारा, जुलैत तेसुद्धा पावसाची उघडीप बघूनच हात मारतात. थिनरमध्ये थोडा रिटार्डर (थिनर सावकाश उडावा म्हणून घालायचं द्रव) घाला. धुरी आधीच धरली असेल तर नुसता रिटार्डर थिनर लांबून हलका मारा, बहुतेक वेळा जाते, नाही गेली तर पॉलिश पेपर आहेच.