अठराव्या वचनावर थांबू नकोस

बाळा,

तुझ्या वहीच्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला. बायबलमधलं रोमकरांस पत्र, नववा अध्याय, अठरावं वचन: देवाला ज्याच्यावर दया करायची त्याच्यावर तो करतो, ज्याला कठीण करायचं त्याला कठीण करतो. खाली दोन रेघा, त्यातली दुसरी इतकी दाबून की कागद फाटलाय. बाजूला तुझा प्रश्न: सगळं आधीच ठरलंय, तर मी प्रार्थना कशाला करू?

प्रश्न खरा आहे. पण तू अठराव्या वचनावर थांबलास कसा? पुढे वाच. दहाव्या अध्यायात हे पत्र लिहिणारा तोच प्रेषित पौल म्हणतो की जो कोणी प्रभूचा धावा करील त्याचं तारण होईल. अकराव्याच्या शेवटी तर युक्तिवाद सोडून तो देवाची स्तुतीच करू लागतो. तीन अध्यायांचं बोलणं तू मधेच तोडलंस आणि त्या तुकड्याला घाबरून बसलास.

तू एकटा नाहीस म्हणा. ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ हे पौलाच्याच फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन इच्छास्वातंत्र्यवाल्यांच्या, म्हणजे तारणात माणसाची निवड महत्त्वाची मानणाऱ्यांच्या, जिभेवर असतं. त्याच्या पुढचं वचन ‘कारण’ या शब्दाने सुरू होतं: इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे. पूर्वनियोजनवाले, म्हणजे कोण तरणार ते देवाने आधीच ठरवलंय म्हणणारे, तेवढंच सांगतात. दोन वाक्यांना तोडणारा मधला वचनाचा आकडा पौलाचा नाही. नव्या करारातले वचनांचे हे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 मध्ये घातले.

या दोन बाजूंच्या वादाचा इतिहासही पुरता वाच. इच्छास्वातंत्र्याच्या बाजूचा डच धर्मपंडित आर्मिनियस, त्याच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमं मांडली. त्यांना ‘माणूस स्वतःच्या बळावर तरतो’ म्हणणारे ठरवून लोक मोकळे होतात. तिसरं कलम उघड: कृपेवाचून माणसाला खरं चांगलं काही करताच येत नाही, असं तेच म्हणतात. नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथल्या चर्चच्या सभेने 1618-19 मध्ये पूर्वनियोजनाची बाजू घेऊन त्यांना नाकारलं, म्हणून डॉर्टवाल्यांनी माणसाला कळसूत्री बाहुली केलं असं दुसरे म्हणतात. डॉर्टच्या लेखातच आहे की कृपा माणसाला दगड-लाकडासारखं वागवत नाही, त्याची इच्छा पुसून टाकत नाही. हे वाचायला पाच मिनिटं लागतात! भांडायला चारशे वर्षं पुरली नाहीत.

तुझ्यासाठी खरं उत्तर बायबलच्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे, सत्ताविसाव्या अध्यायात. वादळात 276 माणसांचं तारू. पौल आधीच सांगून बसलाय की कुणाचाही जीव जाणार नाही, देवदूताने तसं सांगितलंय. मग रात्री खलाशी नाळीवरून नांगर टाकायचं निमित्त करून होडी खाली सोडतात, पळायला. पौल शताधिपतीला म्हणतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. अरे, ठरलेलं होतं ना? होतंच. आणि दोरही कापावे लागले. पौलाला यात विसंगती दिसत नाही, तो उजाडता उजाडता सगळ्यांना जेवायला सांगतो.

मी हे उशिरा वाचलं. तेवीस वर्षांची असताना डॉर्टचे पाच मुद्दे मला तोंडपाठ होते. अभ्यासगटातल्या एका सोबत्याने विचारलं, मी निवडलेला आहे हे मला कसं कळणार? मी त्याला नवव्या अध्यायातले याकोब आणि एसाव, जन्माआधीच एक भाऊ निवडलेला आणि दुसरा नाही, हे ऐकवलं आणि पुस्तक मिटलं. तो पुन्हा आला नाही. सिद्धांत मी चुकीचा सांगितला नव्हता, हे आजही म्हणते. निवड देवाचीच, यावरून मी तसूभर हटलेली नाही, आणि मला कुणी कठोर म्हटलं की अजून राग येतो. वय लहान होतं, शिकवणाऱ्यांनीही तेवढंच शिकवलं होतं. पण दहावा अध्याय पुढच्याच पानावर होता. पान उलटायला कुणी अडवलं होतं मला?

म्हणून तुझ्यावर चिडतेय, समजून घे. प्रार्थना करू की नको हे नंतर विचार. आज रात्री सत्ताविसावा अध्याय चव्वेचाळिसाव्या वचनापर्यंत वाच, कोण पोहत गेलं आणि कोण फळ्यांवरून, ते मला लिही.

त्या सोबत्याचा पत्ता मिळालाय. पत्राचा मायना लिहून झालाय, पुढे अजून सरकलेलं नाही.