साडेबाराच्या आधी पलंगावर जायचं नाही?

प्रश्न : मी ६३ वर्षांची, बँकेतून निवृत्त. यजमानांच्या बायपासच्या वेळी झोपेची गोळी सुरू झाली, तिला तीन वर्षं झाली. तरीही साडेनऊला अंग टाकते ती सहापर्यंत कूस बदलत राहते. झोप जेमतेम पाच तास. आता डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करायची म्हणून रोजच्या झोपेची एक वही लिहायला लावलीय, वर साडेबाराच्या आधी पलंगावर जायचं नाही म्हणतात! झोप येत नाही म्हणून गेले, तर हे जागंच राहा सांगतात. सून म्हणते, त्यापेक्षा जायफळ घालून दूध घ्या.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुम्ही बँकेतल्या, तेव्हा हिशोबच मांडते. साडेनऊ ते सहा म्हणजे साडेआठ तास पलंगावर, त्यात झोप पाच. शंभरातले ५९. उरलेले साडेतीन तास तुम्ही पलंगावर जागं राहायचा सराव करताय, तोही रोज.

दिवसभर जागं राहिलं की झोपेची भूक साठत जाते. साडेनऊला आडवं होणं, दुपारची डुलकी, हे सगळं जेवणाआधी चिवडा खाल्ल्यासारखं. म्हणून डॉक्टरांनी साडेबारा ते सहा एवढीच मुदत दिली. वहीतून निघणारा हा शंभरातला आकडा आठवड्याच्या सरासरीत ८५च्या वर गेला, की ते तुम्हाला १५ मिनिटं आधी झोपायला सांगतील. असं करत मुदत वाढते. सहाला उठणं मात्र रविवारीही चुकवायचं नाही.

ही पद्धत १९८७ सालापासून वैद्यकात आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६मध्ये सांगितलं, की जुन्या निद्रानाशात आधी हे वर्तनोपचार द्यावेत, गोळीचा विचार नंतर. आपल्याकडे उलटं होतं, कारण चिठ्ठी लिहायला एक मिनिट लागतं आणि हे समजवायला अर्धा तास. (मीसुद्धा अनेक वर्षं चिठ्ठीच लिहीत होते.)

साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्याखाली बसा. माझी एक पेशंट तेव्हा गवार निवडायची. मोबाइल नको. डोळे मिटायला लागले की परत पलंगावर.

पहिले दोन आठवडे त्रासाचे जातील. दिवसा पेंग येईल, त्या काळात स्कूटी चालवू नका. गोळी मनाने एकदम बंद करू नका. जुनी सवय असली तर त्याने झोप आणखी उडते, क्वचित झटकेही येऊ शकतात. पण ती कमी होतेय हे चांगलंच. तुमच्या वयात या गोळ्यांमुळे रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन खुबा मोडलेल्या बायका मी पाहिल्यात.

जायफळाचं म्हणाल तर चिमूटभराने बिघडत नाही, पण निद्रानाश त्याने बरा होत नाही आणि जास्त झालं तर ते विषारी असतं. दुपारी चारनंतरचा चहा सोडलात तर बरं, मात्र नुसत्या चहा सोडण्यालाही उपचार समजू नका.

एक गोष्ट पत्रात नाही. तुम्ही घोरता का, मध्येच श्वास अडकतो का, हे यजमानांना विचारा. तसं असेल तर ही मुदत पाळायच्या आधी डॉक्टरांना सांगा. तो आजार वेगळा, त्याची तपासणी वेगळी.