जेएसएफ: ड्रॉपडाउन बदलला तरी एजॅक्स लिसनर का चालत नाही?
जेएसएफमध्ये (जावातल्या वेब-पानांच्या फ्रेमवर्कमध्ये) जिल्हा निवडला की तालुके भरायचे आहेत, रिक्वेस्ट जाते, २०० (म्हणजे 'यशस्वी') येतो, पण बीनमधली (पानामागच्या जावा क्लासमधली) मेथड, म्हणजे लिसनर, चालत नाही, असा तुमचा प्रश्न. त्या २०० वर विसंबू नका. व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) फसलं तरी जेएसएफ २०० च देतं.

एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये एक्सएचआर (एजॅक्स रिक्वेस्टचा) फिल्टर लावा आणि त्या पोस्टचा पेलोड (सर्व्हरला पाठवलेली माहिती) उघडा. सोर्समध्ये ड्रॉपडाउनचा आयडी हवा. मग 'पार्शल एक्झिक्यूट', म्हणजे फॉर्मचा कोणता भाग सर्व्हरवर तपासला जातो, ते बघा. तिथे अख्खा फॉर्म असेल तर बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं: खालचं एखादं सक्तीचं फील्ड रिकामं राहतं, व्हॅलिडेशन अडतं आणि जेएसएफच्या सहा टप्प्यांपैकी ज्या पाचव्या टप्प्यात लिसनर चालतो तो टप्पा येतच नाही. खात्री करायची तर छोटा फेज लिसनर (प्रत्येक टप्प्याला चालणारा क्लास) लावून टप्पे लॉगमध्ये छापा. ३ नंतर थेट ६ दिसला की समजा, व्हॅलिडेशनच.

ड्रॉपडाउनच्या एजॅक्स टॅगमधून एक्झिक्यूट काढून टाका, डीफॉल्ट फक्त तो ड्रॉपडाउनच असतो. त्याच टॅगच्या रेंडरमध्ये (पानाचे कोणते भाग पुन्हा दाखवायचे ते) तालुक्यांच्या यादीबरोबर मेसेजेस टॅगचा आयडीही द्या. तो नसेल तर चूक पडद्यावर येतच नाही.

पुढे तालुका निवडून सबमिट करताना 'व्हॅल्यू इज नॉट व्हॅलिड' आलं तर बीनचा स्कोप (तो किती वेळ टिकतो ते) तपासा. रिक्वेस्ट स्कोपमध्ये नव्या पोस्टला यादी रिकामी असते, म्हणून निवडलेला तालुका त्या यादीत सापडत नाही. व्ह्यू स्कोप करा.

आणि काम चालू असेपर्यंत वेब डॉट एक्सएमएलमध्ये (अ‍ॅपच्या सेटिंगच्या फाइलीत) प्रोजेक्ट स्टेज डेव्हलपमेंटच ठेवा.