‘लोकांची कुत्री फिरवते, तिला जरा समजावा’

‘मॅडम, बी.कॉम. झाली, बँकेच्या परीक्षा द्यायच्या सोडून लोकांची कुत्री फिरवते. तुम्ही तरी समजावा.’ समुपदेशक म्हणून हे वाक्य मी नेहमी ऐकते. शिक्षण आणि काम तेवढं बदलतं, बाकी वाक्य तेच असतं. कुणाचा मुलगा इंजिनीअर होऊन केक करतो, कुणाची मुलगी एम.एस्सी. करून मेंदी काढायला जाते. आईवडिलांची ही चिंता खरी असते आणि ती हसण्यावारी न्यावी असं मला वाटत नाही. इथे एका घराची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर पुण्यातलं, सिंहगड रोडवरचं. मुलगी 24 वर्षांची. कामाची सुरुवात शेजारच्या लॅब्रेडॉरपासून झाली. 2020च्या लॉकडाउनमध्ये घरात बसलेल्या अनेकांनी कुत्री आणली, आणि ऑफिसं पुन्हा सुरू झाल्यावर ती दिवसभर बंद फ्लॅटमध्ये एकटी पडली. शेजारचं जोडपं सकाळी हिंजवडीला निघालं की रात्रीच परतायचं. लॅब्रेडॉर दारं कुरतडायचा, भुंकून इमारत डोक्यावर घ्यायचा. ही मुलगी त्याला दोन वेळा फिरवून आणायला लागली आणि तो शांत झाला. मग समोरच्या विंगमधून विचारणा झाली, मग पुढच्या सोसायटीतून. सुट्ट्यांत लोक गावी गेले की ती कुत्र्यांना आणि मांजरांनाही सांभाळू लागली.

आई पहिल्यांदा आली तेव्हा शिक्षण आणि लग्न याबद्दल भरभरून बोलली. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘त्यांची शी उचलते हो ती, पिशवीत. रस्त्यात. बघणारे बघतात.’ खरं दुखणं तिथे होतं. कोणतं काम हलकं आणि कोणतं भारी, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवून दिलेलं आहे आणि तो थर शिकल्यासवरल्या घरातूनही अजून निघालेला नाही. मी हे त्यांना स्पष्टपणे सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही, पण त्या उठून गेल्या नाहीत. बाई दत्ताच्या भक्त. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, याची आठवण मी करून देऊ शकले असते, पण मुद्दाम टाळलं. अशाने माणूस निरुत्तर होतो, त्याचं मन हलत नाही.

मुलगी आली ती उपदेश ऐकायच्या तयारीने. खुर्चीच्या टोकावर बसलेली, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. मी तिला कामाबद्दल विचारलं आणि ती खुलली. कुठला कुत्रा लिफ्टला घाबरतो, कुठला स्कूटर दिसली की दोरी ओढतो, कुणाला गोचिडीचा ताप येऊन गेलाय, कुणाच्या घरात मनुका कुत्र्याच्या तोंडाला लागतील अशा ठेवलेल्या असतात आणि त्या त्याला विषारी असतात, हे सगळं तिला पाठ होतं. बोलता बोलता तिने पर्समधून किल्ल्या काढल्या. पाच घरांच्या पाच किल्ल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. कुठल्याच किल्लीवर नाव किंवा फ्लॅट नंबर नाही, कारण पर्स हरवली तर चोराला पत्ता मिळू नये. मी विचारलं, ‘या किल्ल्या आईने पाहिल्यात?’ नव्हत्या पाहिल्या.

एवढं असूनही तिचा चेहरा दमलेला होता. मग आम्ही कागद घेतला आणि महिन्याचा हिशोब मांडला. आठ कुत्री, दिवसातून दोनदा, जाण्यायेण्यासकट एका फेरीला अर्धा तास. म्हणजे रोजचे 8 तास, महिन्याचे 240, कारण सुट्टी नाहीच. पाच जण 2,500 रुपये देत होते. दोघे ‘ओळखीतले’ म्हणून 1,000. आणि मावशीचा कुत्रा फुकट. जमा 14,500. पेट्रोल, पिशव्या, फोन यांचे 2,500 वजा केले. राहिले 12,000. भागाकार तिनेच केला: तासाला 50 रुपये. बराच वेळ ती त्या आकड्याकडे बघत होती.

‘तुमच्याकडे पोळ्यांना मावशी येतात?’ मी विचारलं. येत होत्या. त्यांचा दर ठरलेला होता, महिन्यातल्या सुट्ट्या ठरलेल्या होत्या, दिवाळीला बोनस त्या हक्काने मागत आणि घरातल्या कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. ‘मग तुझं तोंड का उघडत नाही?’

तिने दिलेलं उत्तर मी वहीत उतरवून ठेवलं आहे. ‘कुत्र्याला फिरवायचे काय एवढे पैसे, असं मलाच वाटतं, मॅडम.’

हे वाक्य तिचं नव्हतं. घरात रोज ऐकलेलं होतं. ती आईशी तावातावाने भांडायची, हेही कामच आहे म्हणून सांगायची, पण ग्राहकासमोर उभी राहिली की आईच्या बाजूने बोलायची. माझ्या मते अशा घरांतलं सगळ्यात मोठं नुकसान हेच. आईवडिलांच्या विरोधाने मुलं काम सोडतातच असं नाही. बरीच जण करत राहतात, पण स्वस्तात करतात, माफी मागत करतात, रात्रीअपरात्री कुणीही बोलावलं तरी जातात. मग थकतात, आणि आईवडील म्हणतात, ‘बघ, आम्ही सांगत होतो.’

तिला नाही म्हणता येत नव्हतं असंही नाही. मे महिन्यात एका ग्राहकाला फेरी सकाळी नऊनंतर हवी होती. तिने सरळ नकार दिला होता. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्याचे पंजे भाजतील, असं ठणकावून सांगितलं होतं. तो पग होता. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हात धाप लागून जीवावर बेतू शकतं, हे तिला माहीत होतं. ग्राहकाने मुकाट्याने वेळ बदलली. म्हणजे कुत्र्यासाठी नाही म्हणता येत होतं, स्वतःसाठी येत नव्हतं. मी तिला एवढंच विचारलं, ‘तासाला 50 रुपयांवर झोप न झालेल्या मुलीच्या हातात ती दोरी किती सुरक्षित आहे?’ हे तिला पटकन पटलं. स्वतःच्या वाट्याचा विचार करायला तिला आधी कुत्र्याच्या बाजूने यावं लागलं. हरकत नाही, दार कुठलंही चालतं.

पुढच्या भेटीत तिने फोन दाखवला. रात्री दहा वाजता आलेला मेसेज: ‘ताई, अर्जंट आहे, उद्या रात्री कोकोजवळ झोपायला याल का?’ तिचं उत्तर टाइप करून ठेवलेलं, पाठवलेलं नव्हतं: ‘सॉरी, उशिरा रिप्लाय केला. हो येते. पैशांचं काय, तुम्हाला जमेल ते द्या.’ आम्ही ते एकेक शब्द करून तपासलं. सॉरी कशासाठी? दहाला आलेल्या मेसेजला सव्वादहाला उत्तर देणं हा उशीर आहे का? ‘जमेल ते’ हा दर झाला का? तिसऱ्या प्रयत्नात मेसेज असा झाला: ‘येऊ शकते. रात्री 9 ते सकाळी 7, 800 रुपये. कोकोची औषधं आणि डॉक्टरांचा नंबर लिहून ठेवा.’ पाठवायचं बटण दाबताना तिचा अंगठा थबकला. ‘त्यांना राग आला तर?’

इथे मला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस उपयोगी पडतात. 1955 पासून त्यांनी मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत इच्छा आणि हट्ट यांच्यातला फरक फार महत्त्वाचा आहे. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं ही इच्छा रास्त आहे. म्हटलंच पाहिजे, नाहीतर मी वाईट, हा हट्ट माणसाला पिळून काढतो. ग्राहकाला राग येऊ शकतो. तो दुसरी व्यवस्था करेल. त्याने ती वाईट मुलगी ठरत नाही. तिने हे मान डोलावून ऐकलं. खरं पटलं ते ‘ओके ताई, थँक्यू’ असं उत्तर आल्यावर.

वडील एकदाच आले आणि बराच वेळ गप्प होते. त्यांना शी उचलण्याचं काही नव्हतं. अनोळखी घरात मुलगी एकटी जाते, कुत्रा चावला तर, हातून सुटून गाडीखाली गेला तर, ही त्यांची भीती होती, आणि घरात मात्र तेही ‘लोक काय म्हणतील’ एवढंच बोलत होते. ही भीती समजूत घालून घालवायची नसते, तिच्यावर इलाज करायचा असतो. आम्ही तिघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. नव्या घरी पहिली भेट भावाला घेऊन. रात्रीचा मुक्काम फक्त ओळखीच्या कुटुंबांकडे. लसीकरणाची नोंद पाहिल्याशिवाय कुत्रा घ्यायचा नाही. पट्टा आणि हार्नेस रोज हाताने ओढून बघायचा, मोकळा कुठेच सोडायचा नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून प्राण्यांबरोबर रोज काम करणाऱ्यांना चावण्याआधीच घेता येते ती लस तिने घेतली. चावा बसलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं जखम धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. आधी लस घेतलेली असली तरी पुढचे डोस लागतातच, फक्त कमी लागतात. हे वडिलांनी दोनदा विचारून घेतलं.

छोट्या व्यवसायांसाठी असलेली सरकारी ‘उद्यम’ नोंदणीही वडिलांनीच करून दिली. ती आधारवरून ऑनलाइन होते आणि फुकट असते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायाला जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेल्यावर लागते, त्यामुळे तो धसका आत्ता नको. प्रमाणपत्राची प्रिंट हातात आली तेव्हा, मुलगी सांगते, आईने चष्मा लावून ती पूर्ण वाचली. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असं म्हणणारी आपली माणसं नोकरीच्या कागदाने जितकी निश्चिंत होतात तितकी दुसऱ्या कशाने होत नाहीत. इथे तो कागद धंद्याचा होता, तरी कामाला आला.

नवा दर 4,000 ठरला, रविवारी सुट्टी. मावशीने पहिल्याच महिन्यात पूर्ण पैसे दिले. ‘तू घेत नव्हतीस, म्हणून मी विचारत नव्हते,’ म्हणाली. दोन ग्राहक सुटले. त्यातला एक बीगल होता आणि त्याच्यासाठी ती माझ्यासमोर ढसाढसा रडली. या व्यवसायातलं हे दुःख बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. दुकानदाराचं गिऱ्हाईक गेलं तर उत्पन्न जातं, इथे रोज दाराशी उड्या मारणारा जीव जातो, आणि त्याच्यावर आपला कसलाही हक्क नसतो. ‘कुत्र्यासाठी काय रडायचं’ असं घरच्यांनी म्हणू नये, एवढी विनंती मी आईला केली. ती भेट आम्ही पूर्ण त्या बीगललाच दिली. हिशोबाला हातही लावला नाही.

आता सहा कुत्री आहेत. खर्च वजा जाता 22,000 उरतात, तासाला 140च्या आसपास. बँकेतल्या पगाराइतके नाहीत आणि ते मी आईपासून लपवलं नाही. वर्षभराने पुन्हा हिशोब करायचा आणि वाढ दिसली नाही तर परीक्षांचा विषय पुन्हा काढायचा, हे मुलीने स्वतःहून कबूल केलं. लग्नाबद्दल घरात अजून एकमत नाही. आई नातेवाइकांना अजूनही ‘प्राण्यांचं काहीतरी करते’ एवढंच सांगते.

परवा त्यांचा फोन आला होता. तक्रार होती, पण वेगळी. ‘दिवाळीत सगळी गावी जातात, हिच्याकडे कुत्री ठेवून. फटाक्यांना घाबरतात म्हणून ती हलत नाही. भाऊबीजेला तरी घरी जेवायला नको का?’ मी म्हटलं, नक्की हवी. पण हा तिचा हंगाम आहे. नवरात्रातच तिच्याशी बोला, भाऊबीजेची दुपार कुठल्याही ग्राहकाला द्यायची नाही हे आधी ठरवून घ्या, आणि तेवढा वेळ बसायला भावाला पाठवता आलं तर बघा. त्या म्हणाल्या, ‘भावालाच ओवाळायचं असतं, मॅडम.’ मग संध्याकाळी ओवाळा, म्हटलं. त्यांनी वेळ लिहून घेतली.