चंद्रावरचे पाणी कोणत्या रूपात आहे आणि ते कामाला कसे येईल

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: चंद्रावरचे पाणी भारताने शोधले की नासाने, ते पिता येईल का, आणि इतक्या लांबच्या पाण्याचा उपयोग काय. बातम्यांमध्ये ‘चंद्रावरचे पाणी’ हे शब्द निदान तीन वेगवेगळ्या अर्थांनी आले आहेत. ते अर्थ आधी वेगळे केले, तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

मी कोल्हापुरात बरीच वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. मोरचुदाचा प्रयोग दरवर्षी ठरलेला असे. हाताला अगदी कोरडे लागणारे निळे स्फटिक परीक्षानळीत तापवले की निळा रंग उडून पांढरी भुकटी उरते आणि नळीच्या तोंडाशी, गार काचेवर, पाण्याचे थेंब जमू लागतात. “सर, हे पाणी आलं कुठनं?” हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारायचेच. मोरचुदाच्या वजनात सुमारे ३६ टक्के पाणी असते, पण ते स्फटिकात बांधलेले असल्यामुळे ओले लागत नाही. चंद्राचा विचार करतानाही ‘पाणी म्हणजे ओलावा’ ही समजूत अशीच बाजूला ठेवावी लागते.

पहिला अर्थ २००९ सालचा. भारताचे चांद्रयान-१ हे २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले. त्यावर नासाने दिलेले खनिजांचा नकाशा करणारे एक उपकरण होते. चंद्राच्या मातीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशात ३ मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला गेल्याचे त्याला दिसले, आणि ही पाण्याची किंवा हायड्रॉक्सिलची (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूच्या जोडीची) खूण असल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले. यान आपले आणि उपकरण त्यांचे, त्यामुळे ‘भारत की नासा’ हा वाद मला निरर्थक वाटतो. सूर्याकडून येणारे हायड्रोजनचे कण मातीतल्या ऑक्सिजनशी जोडले जाऊन हे हायड्रॉक्सिल तयार होत असावे. त्याचे प्रमाण अत्यल्प आहे.

दुसरा अर्थ २०२० सालचा. विमानातून आकाशनिरीक्षण करणाऱ्या सोफिया दुर्बिणीला क्लॅव्हियस या उजेडातल्या विवरात खरे पाण्याचे रेणू आढळले, म्हणजे नुसते हायड्रॉक्सिल नव्हे. शुद्ध नवमी-दशमीच्या रात्री गच्चीवर लहानशी दुर्बीण लावली तरी चंद्राच्या दक्षिण भागात क्लॅव्हियस सापडते. त्याच्या पोटात कमानीसारखी ओळीने लहान होत गेलेली विवरे पाहून मुले हमखास थबकतात. मात्र तिथले पाणी एक घनमीटर मातीत जेमतेम ३५० मिलिलिटर, तेही बहुधा काचेच्या सूक्ष्म कणांत अडकलेले. वाळवंटातली मातीसुद्धा याहून पुष्कळ ओली असते.

उपयोगाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिसरा अर्थ, म्हणजे ध्रुवांजवळचा बर्फ. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची आडवी किरणे पहिल्या दिवशी मूर्तीच्या चरणांपर्यंत, मग कमरेपर्यंत आणि मग मुखापर्यंत पोहोचतात, आणि वाटेत एखादा अडथळा आला तर पोहोचत नाहीत, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. चंद्राचा आस जेमतेम दीड अंशाने कललेला असल्यामुळे त्याच्या ध्रुवांवर सूर्य कायम असाच क्षितिजाला टेकलेला असतो. तिथल्या खोल विवरांचे काठ ती आडवी किरणे अडवतात आणि तळाशी अब्जावधी वर्षे उजेड शिरलेला नाही. काही ठिकाणी तापमान उणे २४० अंश सेल्सियसच्याही खाली जाते. तिथे पोहोचलेला पाण्याचा रेणू मग तिथून हलत नाही.

९ ऑक्टोबर २००९ रोजी नासाने दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा आदळवला आणि उडालेल्या धुळीचे विश्लेषण केले. वजनाने सुमारे ५.६ टक्के पाणी निघाले, आणि या आकड्यात जवळजवळ ३ टक्क्यांची कमी-जास्त धरलेली आहे. चांद्रयान-१ वरच्या रडारने उत्तर ध्रुवाजवळच्या ४० हून अधिक लहान विवरांत मिळून ६० कोटी टन बर्फ असावा, असाही अंदाज दिला. सुमारे ८.३६ टीएमसीचे आपले राधानगरी धरण अडीच वेळा भरेल इतके हे पाणी झाले. हा आकडा मात्र मी जपून वापरतो, कारण खडबडीत खडकही रडारला बर्फासारखा भासू शकतो.

पण पाणी धरणात असणे वेगळे आणि नळाला येणे वेगळे, हे काळम्मावाडी धरणातून कोल्हापूरला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनच्या कामात आपण जवळून पाहिले आहे. चंद्रावरच्या निर्वातात बर्फ वितळत नाही. कापरासारखी त्याची थेट वाफ होते. म्हणून माती बंद भांड्यात तापवून वाफ गार पृष्ठभागावर धरावी लागेल. गुऱ्हाळात काहिलीतली वाफ आपण सोडून देतो आणि खालचा गूळ ठेवतो. तिथे वाफ ठेवायची आणि खालचे टाकून द्यायचे. विवराच्या तळाशी ऊन नसल्यामुळे वीज काठावरून आणावी लागेल, आणि त्या थंडीत वंगण गोठते, काही धातू ठिसूळ होतात. कॅबियसच्या धुळीत अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइडही होते, त्यामुळे पाणी पिण्याजोगे करायला शुद्धीकरण आलेच. ते केल्यावर मात्र ते आपल्या पाण्याहून निराळे नसेल.

पिण्यापेक्षाही मोठा उपयोग ते पाणी फोडण्यात आहे. एक लिटर पाण्यातून सुमारे ८८९ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो, म्हणजे एका माणसाची दिवसभराची गरज भागते. त्यासाठी सिद्धांतानुसार किमान ४.४ युनिट ऊर्जा लागते आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. उरलेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन द्रवरूपात साठवले की ते रॉकेटचे इंधन होते. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यात हीच जोडी जळत होती. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, तर चंद्रावरून २.४ पुरतो. त्यामुळे तेवढेच वजन उचलायला चंद्रावरून सुमारे बाविसाव्या हिश्श्याची ऊर्जा लागते. मंगळाकडे जाणाऱ्या यानाचे इंधन चंद्रावर भरावे ही कल्पना यातूनच आली आहे. हे पाणी पृथ्वीवर कोणी आणणार नाही. ते तिथे राहणाऱ्यांच्या आणि तिथून पुढे जाणाऱ्यांच्या कामाचे आहे.

ते परवडेल की नाही, हे बर्फ मातीत कसा मिसळला आहे यावर ठरेल. सुटे कण असतील तर खोदणे सोपे, सिमेंटसारखा गोठलेला थर असेल तर फार अवघड, आणि कक्षेतून हा फरक नीट कळत नाही. म्हणूनच भारत आणि जपान यांच्या चांद्रयान-५ या संयुक्त मोहिमेकडे माझे लक्ष आहे. दक्षिण ध्रुवाच्या भागात रोव्हर उतरवून सुमारे दीड मीटर खोल छिद्र पाडायचे आणि वर आलेली माती तिथेच तापवून पाहायची, असा तिचा बेत आहे.