चार पोलच्या आरसीसीबीतून न्यूट्रल कसा न्यावा?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला: तीन-फेज बोर्डात चार पोलची, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (अर्थकडे प्रवाहाची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवली आहे, तीन-फेज मोटर तिच्यावर व्यवस्थित चालते, मात्र एका फेजवरचा दिवा किंवा पंखा लावला की आरसीसीबी पडते, म्हणजे आपोआप बंद होते. तिन्ही फेजवरचा लोड समान नसल्यामुळे असे होते का, आणि मोटरला न्यूट्रल लागतच नसेल तर तो आरसीसीबीला का जोडायचा, असे तुम्ही विचारले आहे.

लोड समान नसल्यामुळे आरसीसीबी कधीच पडत नाही. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला जवळजवळ खात्री वाटते की त्या दिव्याचा न्यूट्रल आरसीसीबीतून परत न येता बाहेरून, म्हणजे मुख्य न्यूट्रल लिंकवरून (बोर्डातल्या मुख्य न्यूट्रलच्या जोडपट्टीवरून) घेतलेला आहे.

आरसीसीबीच्या आत एक वलयाकार गाभा असतो आणि त्यातून तिन्ही फेज व न्यूट्रल असे चारही वाहक एकत्र जातात. या चार प्रवाहांची, त्यांच्या दिशा आणि कला (फेजमधला कोनीय फरक) लक्षात घेऊन केलेली बेरीज शून्य असेल तर गाभ्यात चुंबकीय प्रवाह निर्माण होत नाही आणि आरसीसीबी शांत राहते. समजा तिन्ही फेजवर साधे रोधक लोड आहेत आणि ते अनुक्रमे 10, 6 आणि 2 अँपिअर घेतात. अशा वेळी न्यूट्रलमधून सुमारे 6.9 अँपिअर परत येतात. न्यूट्रल गाभ्यातून गेलेला असेल तर हे 6.9 अँपिअर फेजमधल्या फरकाची पूर्ण भरपाई करतात आणि बेरीज शून्यच राहते. न्यूट्रल बाहेरून गेला असेल तर तेवढाच प्रवाह आरसीसीबीला गळती म्हणून दिसतो, आणि तो 30 मिलिअँपिअरच्या दोनशे पटींहून अधिक आहे. तुमच्या मोटरच्या तिन्ही वाहकांमधील प्रवाहांची बेरीज आपोआप शून्य होते, म्हणून ती चालते.

यातला एक बारकावा अनेकांना चकवतो. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी 15 ते 30 मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेही पडू शकते. 230 व्होल्टवर 10 वॉटचा दिवासुद्धा 40 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेतो, पण 3 वॉटचा दिवा त्या मर्यादेच्या खाली राहू शकतो. त्यामुळे छोटा दिवा लागतो आणि पंखा लावताच आरसीसीबी पडते, असे दिसते; मग संशय पंख्यावर जातो आणि विनाकारण पंखा खोलला जातो, वायरिंगमधली चूक मात्र तशीच राहते.

यावर उपाय एकच: आरसीसीबीच्या पुढच्या सर्व सर्किटांसाठी स्वतंत्र न्यूट्रल बार ठेवा, तो फक्त आरसीसीबीच्या बाहेर जाणाऱ्या न्यूट्रल टर्मिनलला जोडा, आणि त्या बारचा मुख्य न्यूट्रलशी किंवा अर्थशी दुसरा कोणताही संबंध येऊ देऊ नका. बोर्डात दोन आरसीसीबी असतील तर बारही दोन हवेत. एका आरसीसीबीवरचा फेज आणि दुसरीवरचा न्यूट्रल असे झाले, तर लोड लावताच दोन्ही पडू शकतात. अर्थची वायर मात्र आरसीसीबीतून कधीही न्यायची नाही. अर्थ आणि न्यूट्रल एकाच सामाईक वाहकातून येत असतील, तर ते आरसीसीबीच्या आधीच वेगळे करावे लागतात आणि नंतर कुठेही पुन्हा जोडायचे नसतात.

तपासणीची माझी आवडती पद्धत साधी आहे. मुख्य पुरवठा बंद करा, टेस्टरवर विसंबून न राहता मीटरने तो खरोखर बंद असल्याची खात्री करा आणि आरसीसीबी खाली पाडा. चार पोलच्या आरसीसीबीत न्यूट्रलसुद्धा तुटतो, त्यामुळे आता प्रत्येक सर्किटच्या शेवटी असलेला न्यूट्रल आणि मुख्य न्यूट्रल लिंक यांच्यात सातत्य, म्हणजे सलग विद्युत जोडणी, दिसता कामा नये. मल्टिमीटर वाजला, तर त्या सर्किटचा न्यूट्रल कुठेतरी बाहेर जोडला गेला आहे किंवा अर्थला चिकटला आहे. सर्व एमसीबी (प्रत्येक सर्किटचे ओव्हरलोड व शॉर्ट सर्किटपासून संरक्षण करणारे स्विच) बंद असतानाही आरसीसीबी पडत असेल, तर या दुसऱ्या शक्यतेकडे आधी पाहावे: एक पोलची एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून अर्थला लागलेला न्यूट्रल एमसीबी बंद करूनही सुटत नाही. तो शोधण्यासाठी न्यूट्रल बारवरून वायरी एकेक करून सोडवाव्यात आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे व आरसीसीबी वेगळी करून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला रोध मोजावा. तो निदान 1 मेगओहम असायला हवा.

आता मोटरचा प्रश्न. फक्त मोटरच असेल तर तिच्याकडे न्यूट्रल नेण्याची गरज नाही आणि गळती झाल्यास आरसीसीबी तशीही पडेल. मात्र बहुतेक चार पोलच्या आरसीसीबींमध्ये टेस्ट बटणाचे सर्किट एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये असते. येणाऱ्या बाजूला न्यूट्रल जोडलाच नाही, तर बटण दाबूनही काही होत नाही आणि आरसीसीबी खराब आहे असा गैरसमज होतो. म्हणून येणाऱ्या बाजूचे न्यूट्रल टर्मिनल जोडावे आणि बाहेर जाणारे मोकळे ठेवावे. काही बनावटींत हे सर्किट दोन फेजमध्ये असते. आरसीसीबीच्या अंगावर छापलेल्या आकृतीत ते स्पष्ट दिसते आणि जोडणीआधी ती आकृती पाहायलाच हवी.

न्यूट्रलच्या स्क्रूबद्दल मी विशेष आग्रहाने सांगतो. तीन-फेज बोर्डात आरसीसीबीचा न्यूट्रल स्क्रू सैल राहून संपर्क तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरचे लोड एकमेकांशी मालिकेत येतात आणि कमी लोड असलेल्या फेजवरचा दाब 230 व्होल्टवरून 400 व्होल्टच्या दिशेने चढतो. टीव्ही, चार्जर, फ्रिज अशी उपकरणे त्यात जळतात, आणि गळती झालेली नसल्यामुळे आरसीसीबी हे सगळे होऊ देते. तो स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने आवळला पाहिजे.

वायरिंग दुरुस्त झाल्यावरही अधूनमधून आरसीसीबी पडत राहिली, तर नेहमीच्या गळतीची बेरीज पाहावी. संगणक आणि एलईडी दिवे यांच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह सतत अर्थकडे जात असतो आणि तो आरसीसीबीच्या क्षमतेच्या 30 टक्क्यांच्या आत, म्हणजे इथे 9 मिलिअँपिअरच्या आत ठेवावा. तीन-फेज पुरवठ्याचा इथे फायदाच होतो: ही उपकरणे तिन्ही फेजवर सारखी वाटली, तर त्यांच्या गळतीचे प्रवाह बऱ्याच अंशी एकमेकांना रद्द करतात. लोडचा समतोल महत्त्वाचा ठरतो तो या ठिकाणी. मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर चारही वाहकांभोवती एकत्र लावला की ही बेरीज थेट वाचता येते.

मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) चालवणार असाल तर आरसीसीबीचा प्रकार बदलावा लागेल. तीन-फेज ड्राइव्हमध्ये दोष आला तर गुळगुळीत डीसी प्रवाह अर्थकडे वाहू शकतो; तो साध्या एसी प्रकारच्या आरसीसीबीचा गाभा संपृक्त करतो, म्हणजे चुंबकीयदृष्ट्या भरून टाकतो, आणि मग खऱ्या एसी गळतीलाही ती प्रतिसाद देत नाही. ए प्रकार 6 मिलिअँपिअरपर्यंतच्या अशा डीसीसह काम करू शकतो, पण तीन-फेज ड्राइव्हसाठी बी प्रकारच हवा. आरसीसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किटपासून संरक्षण देत नाही, म्हणून तिच्यासोबत योग्य क्षमतेची एमसीबी लागतेच. फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी धरलेल्या माणसाला आरसीसीबी वाचवू शकत नाही, कारण त्याच्या शरीरातून जाणारा प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो आणि बेरीज शून्यच राहते. त्यामुळे आरसीसीबी बसवली असली तरी काम करण्याआधी मुख्य पुरवठा बंद करा, आणि बोर्डातली ही दुरुस्ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.