पिकअपचं अ‍ॅव्हरेज: आधी मोजायला शिका

दोन टाक्यांतच ‘कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज मिळत नाही’ म्हणून वैतागू नका. तो आकडा प्रयोगशाळेतला, गाडीची चाकं जागच्या जागी रोलरवर फिरवून काढलेला. तिथे ना समोरून वारा, ना मागे ट्रेलर.

टाकी फुल करताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, वरून ठिबकवत बसू नका. ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी तसंच भरा आणि धावलेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागा. ६१२ किलोमीटरला ५१ लिटर, म्हणजे १२. एका टाकीवर जाऊ नका, चार-पाचांची सरासरी काढा. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा मन राखणारा असतो.

मोठे टायर टाकलेत का? मग ओडोमीटर अंतर कमी दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं. मी यात महिनाभर फसलो, उगाच इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर साफ करून घेतले!

खरा खादाड वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; १०० वरून १२० वर गेलात की तो ४४ टक्क्यांनी जास्त. मागचा फाळका उघडा ठेवून चालवायचा सल्ला मात्र ऐकू नका. तो बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा अडकतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते.

टायरची हवा गाडी थंड असताना तपासा. आणि हौद्यात कधीपासून पडलेल्या त्या साखळ्या आधी उतरवा.